सौर प्रकल्पाचे अनुदान : गावाने त्याचा विनियोग कसा करावा?

गावच्या माळावर सौर प्रकल्प उभा राहिला म्हणजे गावास तीन लाभ होतात. शेतपंपांना दिवसा वीज मिळते, खाजगी जमीन भाड्याने दिली असल्यास मालकास भाडे मिळते आणि ग्रामपंचायतीस अनुदान मिळते. पहिल्या दोन लाभांची चर्चा पारावर नेहमीच होते. तिसऱ्याचा विचार मात्र बहुधा रक्कम हाती आल्यावरच सुरू होतो. तो आधी व्हावा, यासाठी हा लेख.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा, म्हणजे योजना २.०, आखण्यात आला. महावितरणच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारावयाचा आणि तेथील वीज त्या भागातील शेतपंपांना दिवसा पुरवावयाची, अशी ही योजना आहे. रात्री-अपरात्री पिकास पाणी देताना विंचू-सर्पाचे, आणि कित्येक भागांत बिबट्याचेही भय किती असते, हे शेतकरी बंधूंना सांगावयास नको. खाजगी जमिनीस हेक्टरी वार्षिक १,२५,००० रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ, तसेच प्रकल्प असलेल्या ग्रामपंचायतीस दरवर्षी ५ लाख रुपयांप्रमाणे ३ वर्षे अनुदान, असे २०२३ साली ठरविण्यात आले.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. प्रकल्पाचा वीजखरेदी करार २५ वर्षांचा असतो. अनुदान मात्र तीनच वर्षांचे. एकूण १५ लाख रुपये कमानीवर वा रंगरंगोटीवर खर्च झाले, तर चौथ्या वर्षी गावाच्या हाती काहीच उरणार नाही. म्हणून ज्या कामामुळे गावाचा दरवर्षीचा खर्च कमी होईल, असेच काम प्रथम हाती घेणे इष्ट होय.

अनेक ग्रामपंचायतींना पथदिव्यांच्या व पाणीपुरवठ्याच्या वीजबिलांचा भार जड जातो. समजा, गावात ७० वॅटचे १०० जुने पथदिवे आहेत. त्यांच्या जागी २० वॅटचे एलईडी दिवे बसविले, तर प्रत्येक दिव्यामागे ५० वॅटची बचत होते. दिवे रात्री ११ तास जळतात असे धरल्यास रोज ५५ युनिट, म्हणजे वर्षाकाठी सुमारे २०,००० युनिट वीज वाचते. ही बचत अनुदान संपल्यानंतरही चालू राहते. त्याचप्रमाणे एक किलोवॅटचा सौरसंच आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट वीज देतो. पाच किलोवॅटचा संच शाळेच्या अथवा पंचायतीच्या छपरावर बसविल्यास रोज सुमारे २० युनिट वीज मिळेल.

दुसरी बाब पाण्याची. दिवसा वीज मिळू लागली, म्हणून विहिरीतील पाणी वाढत नाही. उलट, उपसा सोयीचा झाल्याने तो वाढण्याचाच संभव अधिक. यास्तव अनुदानाचा काही भाग जुन्या बंधाऱ्यांची दुरुस्ती, पाझर तलावातील गाळ काढणे अशा कामांकडे वळवावा. शेतकऱ्यांनीही ठिबक सिंचनाचा अवलंब करावा आणि पंपास योग्य क्षमतेचा कॅपॅसिटर बसवावा. त्यामुळे रोहित्रावरील भार हलका होतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील क्रमाने काम करावे :

१. मागील बारा महिन्यांची वीजबिले एकत्र करून कोणत्या जोडणीवर किती युनिट खर्च होतात, याचा तक्ता तयार करावा.

२. कोणत्या कामावर खर्च करता येतो, याची पंचायत समितीकडून लेखी खात्री करून घ्यावी.

३. तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि तीनही वर्षांची कामे एकदमच ठरवावीत. त्यात वाड्या-वस्त्यांचा विसर पडू नये.

४. देखभालीसाठी दरवर्षी काही रक्कम ग्रामनिधीतून राखून ठेवावी. पॅनेलवरील धूळ पुसली नाही, तर वीजनिर्मिती घटते.

५. काम झाल्यावर नव्या बिलांची जुन्यांशी तुलना करून ती चावडीवर लावावी.

अनुदान हे बियाण्यासारखे आहे. ते दळून खाल्ले तर एका दिवसाची भाकरी होते. योग्य जमिनीत पेरले तर दरसाल पीक देते. कोणता मार्ग धरावयाचा, हे ग्रामसभेने पहिला हप्ता येण्यापूर्वीच ठरवावे.