लांज्याचा आडवा प्रवास
शहर होताना : लेखांक ७

गेल्या लेखांकात महामार्गाची रुंदी कशी ठरते ते पाहिलं. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या मोजायच्या, प्रत्येक गाडीला तिच्या आकारमानाप्रमाणे भार द्यायचा आणि त्या बेरजेवरून पदर किती ते ठरवायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या कोष्टकात मोटार म्हणजे १, ट्रक किंवा एस.टी. म्हणजे ३, दुचाकी म्हणजे अर्धा. चालणाऱ्या माणसाला या कोष्टकात आकडाच नाही. भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई, शाळेची पोरं, काठी टेकत दवाखान्याकडे निघालेले आजोबा, ही सगळी त्या बेरजेबाहेर राहतात. सड्यावरून जाणाऱ्या रस्त्याला हे चालून जातं. तोच रस्ता बाजारपेठेतून गेला की काय होतं, हे पाहायला लांज्यात यावं.

मुंबई–गोवा महामार्ग, २०१० पर्यंतचा १७ क्रमांकाचा आणि आताचा ६६ क्रमांकाचा, लांज्याच्या मधोमध जातो. बाजारपेठ, एस.टी. स्टँड, सरकारी कचेऱ्या यांना जायचं तर त्याच्याशी संबंध येतोच. सह्याद्रीच्या पायथ्याची भांबेड-प्रभानवल्लीकडची माणसं, शिपोशीकडची माणसं, पश्चिमेच्या वाड्यांतली माणसं इथे येतात ती सातबारा काढायला, बँकेत, औषधाला, काजूबी विकायला. त्यांना मुंबईला जायचं नसतं आणि गोव्यालाही नाही. त्यांना रस्त्याच्या पलीकडे जायचं असतं. महामार्ग उत्तर-दक्षिण धावतो, लांज्याचं रोजचं जगणं मात्र पूर्व-पश्चिम चालतं. माझ्या मते लांज्याच्या वाहतुकीचा सगळा प्रश्न या एका छेदातून निघतो.

आता लोकसंख्येचं बघू, कारण नियोजनाच्या कागदात पहिला रकाना तिचाच असतो. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार ७७७ माणसं होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ झाली. त्या दशकात महाराष्ट्रात लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच, मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. मग घटत्या जिल्ह्यात लांज्यासारखं गाव वाढतं कसं? वाड्यांतली घरं बंद होतात, तरणी माणसं मुंबई-पुण्याला जातात, आणि मागे राहिलेल्यांच्या गरजा तालुक्याच्या गावी गोळा होतात. वाडीतलं दुकान बंद पडलं की खरेदी लांज्याला. जवळची शाळा पटाअभावी आटली की पोरं लांज्याला. त्यामुळे नगरपंचायतीच्या हद्दीत रात्री किती माणसं झोपतात यावरून दुपारच्या गर्दीचा अंदाज येत नाही. त्यात गणपती आणि शिमगा. त्या दिवसांत चाकरमान्यांच्या गाड्या, जादा एस.टी. आणि खाजगी बसेस यांनी रस्ता भरून जातो, आणि नेमका तेव्हाच स्थानिकांचा बाजारही फुलतो.

गावातून जाणाऱ्या महामार्गाला वाट काढून देण्याचे मार्ग तीन. गावाबाहेरून वळण काढायचं, रस्ता आहे तिथेच रुंद करायचा, किंवा थेट जाणारी वाहतूक वर उचलायची. सावंतवाडीच्या वाट्याला पहिला मार्ग आला आणि महामार्ग शहराबाहेरून गेला. शहर शांत झालं, पण वाटसरूंवर चालणारी हॉटेलं आणि दुकानं मागे राहिली. लांज्यात तिसरा मार्ग निवडला गेला. कांटे ते वाकेड या टप्प्याचं काम रखडलं, ठेकेदार बदलला, आणि बाजारपेठेने उड्डाणपुलाच्या खोदकामाची धूळ आणि चिखल वर्षानुवर्षे सोसला. पुलाबद्दलची बहुतेक चर्चा तो पुरा कधी होणार यावरच अडकून पडली. तो संताप रास्त आहे. पण पूल झाल्यावर त्याच्या खाली काय असेल, ही चर्चा तेवढीच तातडीची होती आणि ती फारच कमी झाली.

उड्डाणपूल सगळा एकसारखा नसतो. मधला भाग खांबांवर उभा राहतो आणि त्याच्या खालून आरपार जाता येतं. दोन्ही टोकांना रस्ता वर चढवण्यासाठी दोन बाजूंना भिंती उभारून मध्ये माती भरतात. या भरावाच्या लांबीत गाव अक्षरशः भिंतीने दुभागतं. समोर दिसणाऱ्या दुकानात जायचं तर भिंत संपेपर्यंत चालत जायचं आणि पलीकडून तितकंच परत यायचं. भराव स्वस्त पडतो, म्हणून कागदावर तो लांबतो. कणकवलीत जुलै २०२० च्या पावसात अशाच जोडरस्त्याच्या भिंतीचा भाग कोसळला, तेव्हा चर्चा बांधकामाच्या दर्जाची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. भिंत उत्तम बांधली तरी ती भिंतच राहते. खांबांची लांबी शंभर मीटरने वाढवायला लागणारा पैसा आणि पुढची पन्नास वर्षं शेकडो माणसांनी रोज मारायचे हेलपाटे, ही दोन्ही एकाच तराजूत घातली पाहिजेत. त्यासाठी आधी ते हेलपाटे कुणीतरी मोजायला हवेत.

थेट वाहतूक वर गेली की खालचा सेवारस्ता मोकळा होतो, आणि मोकळा रस्ता म्हणजे वेग. ७ मीटर रुंदीचा सेवारस्ता ओलांडायला साधारण चालीच्या माणसाला, म्हणजे सेकंदाला १.२ मीटरच्या गतीने, सहा सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी ८० मीटरहून जास्त अंतर कापते, ताशी ३० ने येणारी ५०. चालकाला माणूस दिसून ब्रेक दाबायला एक सेकंद धरला, तर कोरड्या डांबरावर ३० च्या वेगातली गाडी तेराएक मीटरमध्ये उभी राहते, ५० च्या वेगातली अठ्ठावीसेक मीटरमध्ये. आषाढातल्या ओल्या रस्त्यावर हे अंतर बरंच वाढतं. म्हणून सेवारस्त्याची रचनाच ३० च्या वेगासाठी हवी. नुसता फलक लावून वेग उतरत नाही.

वेग उतरतो तो रस्त्याच्या आकाराने. डेन्मार्कमध्ये १९८० च्या दशकात विंदेरुप, स्केअरबेक आणि उगरलूसे या तीन लहान गावांत, जिथे मुख्य रस्ता गावाच्या मधून जात होता, हा प्रयोग सरकारने केला. गावाच्या वेशीवर रस्ता आवळला, मध्ये दुभाजकाची बेटं घातली, जेणेकरून ओलांडणाऱ्याला एका वेळी एकाच बाजूची गाडी बघावी लागेल, आणि फरशीचा रंग-पोत बदलून चालकाला कळवलं की आता गाव सुरू झालं. वेग खाली आला. या गोष्टी बसवायला खर्च फार नाही. पण रस्ता बांधतानाच त्या बसवाव्या लागतात. नंतर होतात ते फक्त कुणीतरी मागितलेले आणि अवेळी घातलेले गतिरोधक.

पदपथाचंही तसंच. भारतीय मानकांनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटरची सलग मोकळी पट्टी हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे पदपथ म्हणजे गटाराचं झाकण. कुठे गुडघाभर उंच, कुठे फरशी उचललेली, कुठे विजेचा खांब मध्येच. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास मिळाला. स्टँडवर उतरणाऱ्यांत बायका आणि म्हातारी माणसं अधिक असतील, तर स्टँडपासून बाजारापर्यंतचे पहिले दोनशे मीटर त्यांच्या गुडघ्यांना झेपणारे असायला हवेत.

पाण्याचा हिशेब वेगळा करायला लागतो. समजा, पाचशे मीटर लांब आणि वीस मीटर रुंद पूल आहे. त्यावर दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि कोकणात तो पडतोच, तर दहा लाख लिटर पाणी पुलावरून खालच्या गटारात उतरतं. ते गटार महामार्गाच्या ठेकेदाराने बांधायचं, पुढे नगरपंचायतीने साफ करायचं, आणि शेवटी एखाद्या जुन्या वहाळाला सोडायचं. वहाळाचं तोंड भरावात बुजलेलं असेल तर पाणी दुकानात शिरतं. जत्रेतल्या एका पालखीला तीन वाड्यांचे मानकरी खांदा देतात, तेव्हा कुणी कुठे धरायचं हे आधी ठरलेलं असतं. इथे महामार्ग केंद्राचा, तो बांधून घेणारं खातं राज्याचं, आतले रस्ते नगरपंचायतीचे, स्टँड महामंडळाचं, आणि यांतल्या कुणी कुठे धरायचं हे ठरवणारी बैठकच होत नाही. पुलाखालच्या जागेचंही तेच होणार. रिक्षा, टमटम, भाजीवाले तिथे येऊन बसतील, आणि ते योग्यच आहे, कारण गिऱ्हाईक तिथूनच ओलांडतं. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने त्यांची समिती नेमून जागा ठरवून देणं नगरपालिका-नगरपंचायतींवर बंधनकारक केलं आहे. ते आधी केलं तर अतिक्रमण हटावच्या मोहिमा टळतील.

आणखी एक गोष्ट नकाशावर सहज दिसत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये अंजणारीच्या पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि महामार्ग बंद ठेवावा लागला. तेव्हा वाहतूक कशावरून गेली? शिपोशी-दाभोळे, देवधे-पुनस अशा गावरस्त्यांवरून. महामार्गाचे पदर चार झाले तरी घाटात दरड आली किंवा टँकर उलटला की हेच रस्ते जिल्ह्याला चालू ठेवतात. त्यांची रुंदी, मोऱ्या, साइडपट्ट्या यांवरचा खर्च महामार्गाच्याच खात्यातला समजायला हवा. रेल्वेचंही असंच. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, पण लांजा गावातून ती जात नाही. आडवली, वेरवली, विलवडे ही स्थानकं तालुक्यात आहेत आणि तिथवर पोचायला गावरस्ता आणि एस.टी.च लागते. गाडीच्या वेळेला जोडून बस नसेल तर ते स्थानक लांज्याच्या प्रवाशाला असून नसल्यासारखं.

हे सगळं जोडण्याची कायदेशीर जागा एकच आहे, विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. नंतर सुनावणी होते. बहुतेक हरकती आपल्या जमिनीतून रस्ता का काढला यावर असतात, आणि ज्याची परसातली कलमं जाणार त्याने ती घ्यायलाच हवी. हेही लक्षात ठेवावं की आराखड्यातलं आरक्षण कायमचं नसतं. १० वर्षांत जागा घेतली गेली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. पैसा नसताना नकाशावर रुंद रस्ते रंगवून मालकांना दहा-बारा वर्षं टांगून ठेवणं अन्यायाचं आहे. त्यापेक्षा थोडे, पण आडवे रस्ते मागावेत. पुलाच्या प्रत्येक मोकळ्या गाळ्यासमोर दोन्ही बाजूंना पाखाडीएवढी तरी चालायची वाट असावी.

अशी सूचना करताना सोबत आकडे जोडावेत. ते मिळवणं अवघड नाही. ओलांडण्याच्या पाच-सहा जागा निवडायच्या, सकाळी शाळेच्या वेळी, दुपारी कचेऱ्यांच्या वेळी आणि संध्याकाळी, दर पंधरा मिनिटांनी मोजायचं. शाळकरी पोरं, ओझं घेतलेली माणसं, साठीच्या पुढची माणसं असे वेगळे रकाने करायचे. एक साधा दिवस, एक मुसळधार पावसाचा, एक गणपतीच्या आधीच्या आठवड्यातला. कॉलेजच्या मुलांचा एक गट हे काम करू शकतो, आणि तो तक्ता सहीशिक्क्याने नगरपंचायतीत आणि महामार्ग विभागात दोन्हीकडे द्यायचा, पोच घ्यायची.

पुढच्या लेखांकात एस.टी. स्टँड : फलाट, वेळापत्रक आणि स्टँडबाहेरची रिक्षांची रांग.