पोस्टकार्ड टाका, परसाईंना विचारा!

सिनेमापासून संसदेपर्यंत काहीही विचारा, उत्तर मिळेल! जबलपूरमध्ये हरिशंकर परसाईंनी वर्तमानपत्रातून हा उद्योग वर्षानुवर्षं केला आणि साध्यासुध्या वाचकांना प्रश्न विचारायची गोडी लावली. आज राजकारणावरून घराघरांत अबोले धरले जात असताना त्या गोडीची आठवण होते...

आमच्या घरातला अबोला सुरू झाला ४ जून २०२४ रोजी. लोकसभेचे निकाल लागत होते. बाबांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठून तरी आलेला एक मजकूर पुढे ढकलला. मी त्यावर खवचट उत्तर दिलं. त्यांनी दुसरा मजकूर टाकला, मी दुसरा टोमणा मारला. रात्री जेवणाच्या सुमाराला फोनच्या पडद्यावर एक ओळ उमटली. बाबा ग्रुपमधून बाहेर पडले होते.

ते ठाण्याला राहतात, मी डोंबिवलीला. पुढचे सहा महिने आमचं बोलणं आईमार्फत झालं. गणपतीत आरतीला आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो, पण मोदक वाढतानासुद्धा मी आईलाच म्हटलं, “विचार त्यांना, आणखी एक हवाय का?” कोण कुठल्या पक्षाच्या बाजूनं होतं, ते इथं सांगत नाही. तुमच्याही घरात असं काही घडलं असेल, तर पक्षांची नावं तुम्हीच घाला!

डिसेंबरात बाबा जबलपूरला आत्याकडे गेले आणि तिथंच रमले. महिना होत आला तशी आईनं मला फर्मान सोडलं, “तू जा आणि घेऊन ये त्यांना.” मी महानगरी एक्स्प्रेसचं तिकीट काढलं.

नागपूरहून आलेलं बिऱ्हाड

जबलपूर आणि मराठी माणूस हे नातं जुनं आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे इंग्रजी अमलातही नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात राहिले. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नव्या मध्य प्रदेशाचं उच्च न्यायालय १ नोव्हेंबर १९५६ पासून जबलपूरला बसू लागलं. त्याबरोबर नागपूरच्या कोर्टातले अनेक कारकून ट्रंका-वळकट्या घेऊन नर्मदाकाठी आले. त्यातच आमचे आजोबा होते. बाबा तेव्हा तान्हे होते. आत्या चार वर्षांनी, जबलपुरातच जन्मली.

तिची मराठी ऐकावी अशीच आहे. “अगं, बैस ना भई, आत्ताच तर येऊन राहिलीस!” असं तिनं दारातच स्वागत केलं आणि पुढ्यात खव्याची जलेबी ठेवली. काळपट, जाडजूड अशी ही जलेबी जबलपूरची खासियत. बाबा आतल्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, “प्रवास ठीक झाला?” असं कपाटाकडे बघून विचारलं आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आत्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, “तुम्हा लोकांना प्रश्नच विचारता येत नाही. नुसती उत्तरं फेकता एकमेकांवर. आम्हाला परसाईजींनी शिकवलं होतं.”

नेपियर टाऊनचे परसाई

हरिशंकर परसाई हे नाव मराठी वाचकांना अगदीच नवं नाही. हिंदीतल्या विनोदी उपरोधाला, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘व्यंग्या’ला, मानाचं पान मिळवून दिलं ते त्यांनी. १९२४ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या जमानी गावात त्यांचा जन्म झाला. शाळकरी वयातच प्लेगनं आई गेली, वडील खचले आणि थोरल्या मुलावर भावंडांचा भार आला. जंगल खात्यात नोकरी, मग मास्तरकी. नागपूर विद्यापीठातून हिंदीत एम.ए. केलं. सरकारी शाळा सोडली, खासगी शाळांत शिकवलं आणि १९५७ साली तीही नोकरी सोडून लेखणीवर जगायचं ठरवलं. लग्न केलं नाही. विधवा बहीण आणि तिची मुलं यांच्यासह नेपियर टाऊनमध्ये त्यांनी संसार केला.

गरिबीच्या दिवसांत आपण कोणत्या ‘विद्या’ शिकलो ते त्यांनी लिहून ठेवलं आहे. त्यातली पहिली म्हणजे विनातिकीट प्रवास! नोकरीच्या शोधात जबलपूर-इटारसी-खांडवा अशा खेपा घालाव्या लागत. खिशात पैसा नसे. पकडलं गेलं की ते चांगल्या इंग्रजीत आपली अडचण सांगत.

मराठीशी त्यांचा धागा मैत्रीचा होता. हिंदीतले थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध हे घरी मराठी बोलणारे. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत कविता लिहीत. गजाननराव परसाईंचे जिवलग स्नेही. १९५६ साली परसाईंनी ‘वसुधा’ मासिक काढलं तेव्हा मुक्तिबोधांची ‘एक साहित्यिक की डायरी’ त्यात क्रमशः आली. मासिक तोट्यात जाऊन बंद पडलं, मैत्री मात्र १९६४ साली मुक्तिबोध जाईपर्यंत टिकली.

परसाई मोठे झाले ते मात्र सदरांतून. ‘सुनो भई साधो’, ‘कबिरा खडा बाजार में’ ही त्यांतली गाजलेली नावं. आपल्याकडे ‘ललित’मधल्या जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’ची वाचक जशी वाट पाहत, तशी तिकडे परसाईंची. फरक एवढाच की ठणठणपाळची गिऱ्हाईकं साहित्यातली, परसाईंची गिऱ्हाईकं सगळीकडची. पुढारी, साधू, प्राध्यापक, पोलीस, लाच खाणारा बाबू आणि लाच देऊन नंतर देशाची चिंता करणारा आपल्यासारखा पापभीरू मध्यमवर्गीयसुद्धा! चंद्रावर जाऊन तिथल्या पोलिसांना आपल्याकडचा कारभार शिकवणारा त्यांचा इन्स्पेक्टर मातादीन आजही वाचकांना हसवतो. १९८२ साली ‘विकलांग श्रद्धा का दौर’साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आधी नट-नट्या, मग देश-विदेश

१९८०च्या दशकात ‘देशबंधु’ या रायपूर-जबलपूरच्या हिंदी दैनिकात त्यांचं एक वेगळंच सदर सुरू झालं. नाव होतं ‘पूछिये परसाई से’. वाचकानं प्रश्न पाठवायचा, परसाईंनी उत्तर द्यायचं. पाय मोडल्यानंतर त्यांचं बाहेर फिरणं फारसं राहिलं नव्हतं. ते शहरात जाऊ शकत नव्हते, तर आता शहरच टपालानं त्यांच्याकडे येऊ लागलं.

सुरुवातीला कसले प्रश्न आले असतील? प्रेमाचे आणि सिनेमाचे! नाही तरी जबलपूर सिनेमावेडं. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमध्ये ‘जिस देश में गंगा बहती है’चं चित्रीकरण झालेलं. प्रेमनाथचं एम्पायर टॉकीज शहरात. जया भादुरीचा जन्म इथला, म्हणून अमिताभ बच्चन जबलपूरचा जावई, असं आत्या आजही ठासून सांगते.

परसाईंनी या प्रश्नांना नाकं मुरडली नाहीत. थट्टेच्या प्रश्नाला थट्टेनं उत्तर दिलं, आणि जाता जाता वाचकाचं बोट धरून त्याला जरा पुढे नेलं. हळूहळू प्रश्न बदलले. जात, धर्म, महागाई, निवडणुका, मग जगाचं राजकारण असा पसारा वाढत गेला. लोक सदराची वाट पाहू लागले. १९९५ साली परसाई गेले. त्यांच्या या प्रश्नोत्तरांचं जाडजूड पुस्तक निघालं आहे.

“मी दोन पत्रं टाकली होती,” आत्या म्हणाली. “पहिल्यात विचारलं, राजेश खन्ना मोठा की अमिताभ? नाही छापलं. मग वर्षभरात मला तीन मुलं पाहून गेली. तिन्ही घरांत हुंड्याविरुद्ध भाषण झालं आणि जाताना यादी आली. तेव्हा दुसरं कार्ड लिहिलं. हुंडा वाईट म्हणणारे लोक आपल्या मुलाच्या लग्नात गप्प का बसतात?”

“मग? काय उत्तर दिलं?”

“तेही नाही छापलं. पण तो प्रश्न लिहायला मला तीन कार्डं लागली. दोन फाडली. पहिल्यांदा नुसत्या शिव्या लिहिल्या होत्या. तिसऱ्यांदा लिहिताना कळलं, मी नेमकी कशावर चिडलेय ते.”

मी माझे जूनमधले टोमणे आठवून पाहिले. त्यात एकही प्रश्न नव्हता. बोटांना लागलेला वेळ तीस सेकंद!

उत्तर देणाऱ्यालाही मोजावं लागतं

परसाईंचं सगळ्यांशी गोड होतं असं मात्र नाही. त्यांची मतं डावीकडची होती आणि ती त्यांनी लपवली नाहीत. १९७३ साली काही जण त्यांच्या घरात शिरले आणि त्यांनी परसाईंना मारहाण केली. लिखाण खटकलं, हे कारण. बरं झाल्यावर परसाईंनी काय केलं? त्या मारावरच एक लेख लिहिला, ‘पिटने-पिटने में फर्क’. मार खाल्ल्यानंतर भेटायला येणाऱ्यांची आणि स्वतःचीही त्यांनी त्यात फिरकी घेतली. आणि ‘पूछिये परसाई से’ सुरू झालं ते या घटनेनंतर बऱ्याच वर्षांनी! ज्याच्या घरात शिरून लोकांनी हात उचलला, त्यानं पुन्हा सगळ्या शहराला सांगितलं, या, विचारा.

ते सदर वाचणारे सगळेच त्यांच्या मताचे नव्हते. आमचे आजोबा तर मुळीच नव्हते. पण पेपर आला की आधी ते पान उघडत, चिडत आणि आत्याला मोठ्यानं वाचून दाखवत.

बापाचा निकाल, लेकाचा निकाल

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रिक्षानं उच्च न्यायालयावरून चाललो होतो. बाबा त्या दिवसांतलं पहिलं लांबलचक वाक्य बोलले, तेही आत्याकडे बघून. “आठवतं, आणीबाणीत नाना कोर्टातून आले की चपला काढायच्या आधी दार लावून घ्यायचे?”

देशाच्या कायद्याच्या पुस्तकांत जबलपूरचं नाव कोरलं गेलं आहे ते त्याच दिवसांत. विनाचौकशी स्थानबद्ध केलेल्या माणसाला, मला का धरलंत, असं कोर्टात विचारता येईल का? होय, असं जबलपूरच्या उच्च न्यायालयानं म्हटलं. इतरही अनेक उच्च न्यायालयांनी तसंच म्हटलं होतं. सरकार अपिलात गेलं. ‘एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या नावानं ते प्रकरण गाजलं. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं, आणीबाणी असेपर्यंत तसं विचारता येणार नाही. एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी विरोधी निकाल दिला. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं आणि त्यांनी राजीनामा दिला.

त्या चौघांत पुण्याचे न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं १९७६ चा तो निर्णय रद्दबातल ठरवला. त्या चौघांच्या निकालांत गंभीर दोष होते, असं लिहिलं कोणी? न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, म्हणजे यशवंतरावांच्या चिरंजीवांनी! वडील चुकले हे लेकानं लिहिलं, पण ते कारणं देऊन.

“दादा, तूही तर नानांशी तेव्हा वर्षभर बोलत नव्हतास,” आत्या एकदम म्हणाली.

मी चमकून बाबांकडे पाहिलं. ही गोष्ट मला कोणी सांगितलीच नव्हती. आजोबांना वाटायचं, गाड्या वेळेवर धावताहेत, कचेऱ्यांत लोक वेळेवर येताहेत, बरं चाललंय. वीस वर्षांच्या बाबांना ते सहन होत नसे. एका रात्री ताटावरून उठून गेले ते उठूनच गेले.

“मग मिटलं कसं?” मी विचारलं. सहा महिन्यांत बाबांना थेट विचारलेला हा माझा पहिला प्रश्न.

“मिटलं कुठं?” बाबा बाहेर बघत म्हणाले. “आणीबाणी उठली, सरकार बदललं, आम्ही बोलायला लागलो. पण नानांना तसं का वाटायचं ते मी कधी विचारलं नाही. आणि आता विचारायला ते नाहीत.”

रिक्षात बराच वेळ कोणी बोललं नाही.

इटारसीपर्यंत

परतीच्या गाडीत बाबांनी खिडकीची जागा घेतली. आत्यानं दिलेले पराठे निघाले, लोणचं निघालं. मग बाबांनी खिशातून फोन काढला, जूनमधला तो मजकूर शोधला आणि माझ्यापुढे धरला.

“यातलं तुला नेमकं काय पटलं नव्हतं? टोमणा न मारता सांग.”

मी सांगू लागले. सांगताना लक्षात आलं की दोन मुद्दे माझ्याजवळ पक्के आहेत आणि तिसरा मीही कुठून तरी आलेलाच पुढे ढकलला होता. ते मी कबूल केलं. मग मी विचारलं, तुम्हाला त्या बाजूचं एवढं काय आवडतं? बाबा चाळीस वर्षांच्या नोकरीतलं, रोजच्या लोकलमधलं, आजीच्या आजारपणातलं काय काय सांगत गेले. त्यातलं निम्मं मला ठाऊकच नव्हतं. इटारसी आलं तरी आमचं चाललंच होतं. डब्यातले दोघं-तिघं कान देऊन ऐकू लागले तेव्हा आम्ही आवाज खाली आणला.

माझं मत बदललेलं नाही. बाबांचंही नाही. येत्या निवडणुकीत आम्ही एकमेकांचं मत बिनचूक रद्द करणार, यात मला शंका नाही. बाबा ग्रुपवर परत आले आहेत. आता एखादा मजकूर टाकला की खाली प्रश्नचिन्ह टाकतात, म्हणजे, तुम्हाला काय वाटतं? कधी कधी विसरतात. मीही विसरते.

वाचकहो, पोस्टकार्ड लिहायला आता परसाई नाहीत. पण तुमच्या घरात अबोला धरून बसलेलं कोणी असेलच ना? आज रात्री जेवताना त्यांना एखादा प्रश्न विचारून बघा. अगदी सिनेमाचा विचारलात तरी चालेल. परसाईंची सुरुवातही तिथूनच झाली होती!