पावसात सायकल: बंद करावी की चालवावी?

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आता चार महिने सायकल बंद ना?" विचारणारे बहुधा चाळिशी ते साठीतले असतात. 2020 च्या टाळेबंदीनंतर आपल्याकडे गियरच्या, अरुंद टायरच्या सायकली पुष्कळ घरांत आल्या. पहाटे रंकाळ्याला फेरी मारणारे, रविवारी पन्हाळ्यापर्यंत जाऊन येणारे लोक दिसू लागले. पण मृग लागला, की यातल्या बऱ्याच सायकली जिन्याखाली जातात आणि थेट दसऱ्याच्या पूजेलाच बाहेर निघतात.

या प्रश्नाला मी अनेक वर्षे डोळे झाकून "हो, बंद" असे उत्तर देत असे. माझे एक जुने रुग्ण आहेत, निवृत्त गुरुजी. त्यांना मधुमेह आहे. त्यांनाही मी हेच सांगितले होते, "गुरुजी, पाय घसरेल, सर्दी होईल, पावसात नको." दसऱ्यानंतर ते तपासणीला आले तेव्हा साखर वाढलेली होती आणि वजन चार किलोंनी चढले होते. मी जरा रागावूनच विचारले, "गुरुजी, औषध बंद केलेत काय?"

ते शांतपणे म्हणाले, "मी नाही केले डॉक्टर. तुम्ही केलेत. सायकल."

मला उत्तर सुचले नाही. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मात्रा वर्षाच्या बाराही महिन्यांसाठी आहे. मधुमेह पावसाळ्यात सुटीवर जात नाही. सायकलऐवजी घरात दुसरा व्यायाम करा, असेही मी गुरुजींना सांगितले नव्हते. म्हणून पुढच्या जुलैत मी स्वतःच पावसात सायकल बाहेर काढली.

आधी सर्दीचे पाहू. सर्दी विषाणूंमुळे होते आणि ती एका माणसाकडून दुसऱ्याला लागते. पावसाचे थेंब अंगावर पडल्याने विषाणू तयार होत नाहीत. पण ओल्या कपड्यांत तासभर वाऱ्यावर बसलो, तर अंगातील ऊब निघून जाते, हुडहुडी भरते. तेव्हा भिजण्याची धास्ती नको. भिजल्यावर तसेच राहू नये, इतके पाळले तरी पुरे. उलट, चढावर पावसाने शरीर तापत नाही. केर्लीच्या पुढे एप्रिलमध्ये जीव नकोसा करणारा चढ मला जुलैत सुसह्य वाटला.

ब्रेक आधी, वळण नंतर

वाघबीळचा ओला उतार मी जपून उतरलो. पडलो तो घराजवळ, रोजच्या वळणावर, गटाराच्या लोखंडी झाकणावर. वेग जेमतेम चालण्याइतका होता, पण लक्ष घरच्या चहाकडे होते आणि मी झाकणावरच ब्रेक दाबला. हात टेकला तो डाव्या मनगटावर. हाडाला चीर गेली आणि सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये राहिला. सौभाग्यवती काय म्हणाल्या, ते येथे लिहीत नाही.

सहा आठवडे विचार करायला सवड मिळाली. चूक पावसाची नव्हती, माझी होती. ओल्या रस्त्यावर टायरची पकड कमी होते आणि लोखंडी झाकण, रस्त्यावरचे पांढरे-पिवळे पट्टे, शेण, शेवाळ यांवर ती जवळजवळ राहतच नाही. अशा जागेवरून सायकल सरळ न्यावी. त्यावर वळू नये, ब्रेक दाबू नये, जोरात पायडलही मारू नये. रेल्वेचे रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत. भातलावणीच्या दिवसांत ट्रॅक्टर शेतातला चिखल डांबरी रस्त्यावर आणतात, तेथेही हेच पाळावे.

रबरी ब्रेक रिमवर घासतात, त्या सायकलीत पहिला क्षण रिमवरचे पाणी पुसण्यातच जातो आणि नंतर ब्रेक लागतो. म्हणून उतारावर मधूनमधून ब्रेक हलकेच टेकवून रिम पुसून घ्यावी. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत आणि थांबायला नेहमीच्या दुप्पट जागा धरावी. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. डिस्क ब्रेक पाण्यातही चांगले लागतात, पण टायर घसरायचा तो घसरतोच. टायरमधील हवा नेहमीपेक्षा 5 ते 10 पौंड कमी ठेवावी. मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नये.

दीर्घ उघडिपीनंतरची पहिली सर सर्वांत वाईट. रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडा थर तयार होतो. मोठ्या पावसाने तो धुऊन निघेपर्यंत थोडे थांबलेले बरे. डबक्यातून सायकल घालू नये, कारण खाली खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. पुलावरून किंवा बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल, तर माघारी फिरावे. विजेचा गडगडाट ऐकू आला, की पक्क्या इमारतीत जावे. झाडाखाली थांबू नये.

काय घालावे?

जाड रेनकोटात पाऊस आत येत नाही, पण घामही बाहेर जात नाही, आणि माणूस आतून भिजतो. आपल्याकडच्या उबदार पावसात लवकर वाळणारे पातळ कपडे घालून सरळ भिजावे आणि कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बरोबर न्यावा. उतारावर मात्र वारा अंगाला लागतो. त्यासाठी पातळ जाकीट हवे. ते नसेल, तर जुन्या शर्यतपटूंचा उपाय करावा. डोंगरमाथ्यावर ते शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्र सरकवीत आणि मग उतरत. हा अंक वाचून झाल्यावर त्याचाही असा उपयोग करता येईल.

रंग भडक असावा. मागचा लाल आणि पुढचा पांढरा दिवा दिवसाही लावावा, कारण पावसात मोटारचालकाला आपण फार उशिरा दिसतो. हेल्मेट घालावे, हातमोजेही घालावेत. मडगार्ड नसेल तर बसवून घ्यावे, नाहीतर रस्त्यावरचे शेणपाणी थेट तोंडावर आणि पाण्याच्या बाटलीवर उडते. बाटलीचे तोंड पुसल्याशिवाय पाणी पिऊ नये. पावसात तहान जाणवत नाही, तरी घोट घोट पाणी पीत राहावे. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी साखरेची पुडी नीट गुंडाळून खिशात ठेवावी.

घरी आल्यावर

ओले कपडे आणि बूट ताबडतोब उतरवावेत. साबणाने अंघोळ करून जांघा, काखा आणि पायांच्या बोटांमधली जागा कोरडी करावी. चिखल्या आणि गजकर्ण यांना ओलावाच लागतो. मधुमेह्यांनी रोज तळपाय पाहावेत, कारण बधिर पायाला जखम कळत नाही. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, की ते सकाळपर्यंत बरेच सुकतात.

खरचटले असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. जखमेत चिखल गेला असेल आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर डॉक्टरांकडे जावे. साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते जखमेतून शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची मोठी साथ आली होती. पाण्यातून गेल्यानंतरच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणे किंवा डोळे लाल होणे असे काही झाले, तर अंगावर काढू नये. आपण पाण्यातून गेलो होतो, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. लवकर उपचार झाले, तर रोग आटोक्यात येतो.

मग सायकलकडे वळावे. रिम फडक्याने पुसावी, नाहीतर वाळूचे कण ब्रेकच्या रबरात रुतून रिम खातात. साखळी कोरडी करून तेलाचे थेंब सोडावेत. रिमवर तेल जाऊ देऊ नये.

गुरुजींना मी हे सारे कागदावर लिहून दिले. मुसळधार पावसात ते घरीच सूर्यनमस्कार घालतात, रिमझिम असेल तर सायकल काढतात. श्रावणातल्या एका सकाळी ते मला पन्हाळ्यावर भेटले, धुक्यात, हातात मक्याचे भाजलेले कणीस. मला पाहून म्हणाले, "डॉक्टर, मनगट कसे आहे?" दसऱ्यानंतर ते तपासणीला आले. वजन जूनमध्ये होते तेवढेच होते, आणि साखरही जागेवर होती.

आपली सायकल जिन्याखाली गेली असेल, तर आज तिचे ब्रेक आणि टायर तपासून घ्या.