मुंबईला न जाता केलेलं गाणं

बपेऱ्याहून सिहोरा, तुमसरकडे कॉलेजला निघालेल्या एसटीत बहुतेकांच्या कानात इअरफोन असतो. पण त्यातला एखादा असा असतो, जो नुसतं ऐकत नाही. तो मनातल्या मनात चाल फिरवून बघतो. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी खरडलेल्या असतात. तो एखादा तुम्हीच असाल, तर हे तुमच्यासाठी. घरी हा विषय काढायची सोय नसते. काढलाच तर उत्तर ठरलेलं: "हे मुंबईवाल्यांचे धंदे आहेत बाप्पा. धानाच्या बांधीत बसून कोणी गाण्यावाला होते का?"

गोव्यात एक माणूस गावात बसून गाण्यावाला झाला. रेमो फर्नांडिस. 'बॉम्बे' सिनेमाच्या हिंदी आवृत्तीतलं 'हम्मा हम्मा' तुमच्या आईबाबांनी लग्नाच्या वरातीत नक्की ऐकलंय, तो आवाज रेमोचा. पण ते साल १९९५. त्याची खरी गोष्ट दहा-अकरा वर्षं आधीची आहे आणि ती सिनेमातली नाही, घरातली आहे.

रेमोचा जन्म १९५३चा, गाव शिवोली. शाळेत असतानाच बँड केला. मग मुंबईच्या सर जे. जे. मध्ये आर्किटेक्चर शिकायला गेला, तिथेही बँडमध्ये वाजवत राहिला. डिग्री घेतली, पण घरं बांधायला बसला नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरोप आणि उत्तर आफ्रिकेत लिफ्ट मागत, रस्त्यावर वाजवत फिरला आणि परत गावी आला. म्हणजे मुंबई त्याने पाहिली होती, जगही पाहिलं होतं. तरी गाणी करायला तो शिवोलीतच बसला, हे लक्षात घ्या.

गाणी इंग्रजी, त्यातला विषय गोवा. मुंबईच्या कॅसेट कंपन्यांनी नकार दिला. त्यांच्या हिशेबाने ते बरोबरही असेल, कारण असं गाणं कोण विकत घेणार? मग १९८४ मध्ये रेमोने घरातच 'गोअन क्रेझी!' हा अल्बम केला. शब्द त्याचे, चाल त्याची, सगळी वाद्यं त्यानेच वाजवली, सगळे आवाज त्याचेच, रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगही त्याचंच. मशीन कोणतं? चार ट्रॅकचं, कॅसेटवर चालणारं.

चार ट्रॅक म्हणजे काय ते समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथेच आहे. साध्या कॅसेटवर एका वेळी जे वाजेल तेवढंच टेप होतं. चार ट्रॅकच्या मशीनवर त्याच फितीचे चार वेगळे पट्टे पडतात. पहिल्यावर ताल टेप करायचा. मग तो हेडफोनवर ऐकत दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर बेस. आता एकच पट्टा उरला, आणि अजून बासरी बाकी, गाणं बाकी, मागचा कोरस बाकी. मग हे तीन पट्टे एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि पहिले तीन पुसून पुन्हा वापरायला घ्यायचे. यात एक मोठी गोम आहे. एकदा एकत्र केलं की ताल कमी, गिटार जास्त असं नंतर करता येत नाही. जे ठरलं ते ठरलं. शिवाय प्रत्येक वेळी फितीची खरखर थोडी वाढते. म्हणून गाणं संपल्यावर कसं ऐकू येईल हे पहिला ठोका टेप करायच्या आधीच डोक्यात पक्कं असावं लागतं. प्रोड्यूसर म्हणजे पैसे लावणारा, असं आपल्याला वाटतं. गाण्याच्या दुनियेत प्रोड्यूसर म्हणजे हे डोक्यातलं ऐकू येणारा माणूसही असतो.

कॅसेटचं कव्हरही त्यानेच काढलं. आणि मग पठ्ठ्या स्कूटरवर कॅसेटी घालून गोवाभर दुकानं फिरला. आपल्याकडे ब्रेड-खारीवाला फिरतो तसा. पुढच्याच वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड' आला.

गाण्यांत काय होतं? त्याचं एक गाणं टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहम बेलला उद्देशून आहे, कारण त्या काळी फोन घरात असायचा पण लागायचा नाही. तक्रारीचा अर्ज करायच्या ऐवजी त्याने गाणं केलं. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात आले, तर रेमोने त्यांना थेट नावाने हाक मारणारं गाणं त्यांच्यासमोरच म्हटलं. हा उद्धटपणा आहे म्हणून पेपरात टीका झाली. पंतप्रधानांनी मात्र पत्र लिहून गाणं आवडल्याचं कळवलं. झाली फुकटची प्रसिद्धी!

पुढचं भराभर सांगतो. १९८६ मध्ये ड्रेस्डेनच्या आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवात बक्षिसं. ड्रग्जविरुद्धचा 'पॅक दॅट स्मॅक' आणि मग 'बॉम्बे सिटी!' हे अल्बम. 'जलवा' सिनेमा, नंतर रहमान, २००७ मध्ये पद्मश्री. मुंबई त्याच्याकडे आली ती अशी, नंतर.

आता कोणी म्हणेल, त्याच्या हातात आर्किटेक्टची डिग्री होती, गोव्यात इंग्रजी गाणं ऐकणारे लोक होते, टुरिस्ट होते. बपेऱ्यात काय आहे? बावनथडीचा पूल ओलांडला की मध्य प्रदेश! आक्षेप खरा आहे, तो मी खोडत नाही. पण आपल्याकडे काय आहे तेही मोजा. दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार चालते, नाटक चालतं. झाडीपट्टीच्या नाटकांत पेटी, तबला, ऑर्गन वाजवणारे लोक पहाटेपर्यंत वाजवतात, समोर सतरंजीवर अख्खं गाव बसलेलं असतं. ऐकणारा माणूस इथे कमी नाही. कमी आहे ती वेगळीच गोष्ट: वाजवणाऱ्याला रात्रीचे पैसे मिळतात आणि सकाळी त्याच्या नावावर काहीच उरत नाही.

रेमोच्या कॅसेटवर सगळं त्याचंच होतं, म्हणून पुढे बोलताना त्याच्या हातात काही होतं. तुमचं काय होतं? पैसे जमवून स्टुडिओत गाणं करता, कोणीतरी ते आपल्या चॅनेलवर टाकतो, दोन लाख लोक बघतात, आणि तुम्ही मित्रांना लिंक पाठवत बसता. म्हणून हे वाचून ठेवा. कायद्याच्या नजरेत एका गाण्यात तीन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग. शब्दांचा मूळ हक्क लिहिणाऱ्याचा, चालीचा ती बांधणाऱ्याचा, आणि हे हक्क त्यांच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षं चालतात. रेकॉर्डिंगचा हक्क प्रोड्यूसरचा, प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला. तेव्हापासून गीतकार-संगीतकाराने करारावर सही केली तरी रॉयल्टीतला त्याचा बरोबरीचा वाटा कायदा शाबूत ठेवतो. ती गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, मेंबर झाल्याशिवाय मात्र ती तुम्हाला शोधत येणार नाही.

आणि रेकॉर्डिंगचा प्रोड्यूसर कोण, हा प्रश्न स्टुडिओचं दार उघडायच्या आधी विचारायचा. साध्या कागदावर लिहा: गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, पैसे कोणी दिले, कोणत्या चॅनेलवर जाणार, उत्पन्न कसं वाटायचं, तारीख, सगळ्यांच्या सह्या. मित्राच्या सोबत करत असाल तर आधी लिहा. दोस्तीत लिहायचं कशाला, असं तोच म्हणेल.

मशीनचं म्हणाल, तर फोनमधल्या फुकटच्या ॲपमध्येही चारापेक्षा कितीतरी जास्त ट्रॅक मिळतात. रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, गोधडीखाली आवाज टेप करून बघा. खोलीचा घुमारा बराच कमी येतो.