किंगरीवाला दारी आला, तर...

सुगी आटोपली, की भगव्या कपड्यातला नाथपंथी डवरी गोसावी दारात उभा राहायचा. हातात किंगरी. बांबूच्या दांडीला करवंटी, तिच्यावर कातडं, अन् वाजवायला घोड्याच्या केसांचा गज. गोपीचंद, भर्तरीची कथा ऐकायची अन् सुपातून धान्य वाढायचं, ही आपली रीत.

शेतकरी बंधूंनो, ही रीत आपल्यापुरतीच नाही. राजस्थानात भोपे रावणहत्थ्यावर पाबूजींची गाथा गातात. तिथं गजालाच घुंगरं बांधलेली, त्यामुळं सुरासोबत तालही मिळतो. मध्य प्रदेशातले परधान तीन तारांच्या बान्यावर गोंडांच्या वंशकथा सांगतात. आदिलाबादकडं याच जातीचं वाद्य किकरी. घडण बदलते, नाव बदलतं. पण सगळीकडं गाणारा फिरतो अन् पिकवणारा त्याला पोसतो.

हा विश्वास आपणच मोडला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून याच समाजातल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. भिक्षेसाठी आलेली माणसं ती. मोबाईलवरची अफवा खरी की खोटी, हे कुणी तपासलंच नाही.

म्हणून सरपंच व पोलीस पाटलांना विनंती. अनोळखी भटका माणूस आला, तर नाव-गाव विचारा, शंका वाटली तर पोलीस ठाण्याला कळवा. पण कुणाला हात उगारू देऊ नका. अन् त्याच्याकडं किंगरी असेल, तर पारावर बसवा, पोरांना बोलवा, ऐका. दोन पायली ज्वारीनं आपली कणगी रिकामी होत नाही.