कलर प्रोफाइल : नेमणूक आणि रूपांतर

छायाचित्राच्या फाइलमध्ये प्रत्यक्ष रंग नसतात, आकडे असतात. त्या आकड्यांचा अर्थ कलर प्रोफाइल ठरवते. उदाहरणार्थ, लाल ०, हिरवा २५५, निळा ० हे आकडे एसआरजीबीपेक्षा ॲडोबी आरजीबीमध्ये अधिक गहिरा हिरवा रंग दर्शवतात.

येथे दोन क्रियांतील भेद ध्यानात घ्या. प्रोफाइल 'नेमून देणे' म्हणजे आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ बदलणे. 'रूपांतर करणे' म्हणजे रंग शक्यतो तोच राखून आकडे बदलणे. म्हणून ॲडोबी आरजीबीतील छायाचित्र संकेतस्थळासाठी देताना त्याचे एसआरजीबीत रूपांतर करावे. केवळ एसआरजीबी नेमून दिल्यास हिरवेगार शेतही निस्तेज दिसेल. मूळ प्रत मात्र स्वतंत्र जपावी. कारण रूपांतरात एसआरजीबीच्या मर्यादेबाहेरील ज्या छटा गळतात, त्या पुन्हा मिळवता येत नाहीत.