लांडग्याची हद्द कोण आखतो?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरी अभयारण्य आहे. १९८० साली काळविटांसाठी ते राखले गेले. त्याचे क्षेत्रफळ अवघे २.१७ चौ.कि.मी. माळरानावरील लांडग्यांच्या एका टोळीचा मुलूख मात्र बहुधा दीडशे-दोनशे चौ.कि.मी.च्या घरात असतो. चार-सहा जनावरांना एवढी जागा कशाला लागते?

पहिले कारण अन्नाचे. भक्ष्य विरळ असेल तर पोट भरण्यासाठी दूरवर हिंडावे लागते. अमेरिकेतील मिनेसोटात हरणे मुबलक आहेत, तेथे शंभर-दीडशे चौ.कि.मी.त टोळीचे भागते. अलास्कात हजार चौ.कि.मी.ही पुरत नाहीत.

मग मुलूख हवा तेवढा का वाढवू नये? कारण तो राखावा लागतो. लांडगे वाटांवर आणि विशेषतः सीमेवर मूत्राच्या खुणा करतात. वास उडाला की खूण पुन्हा करावी लागते. आरोळ्या ठोकून शेजाऱ्यांना इशारा द्यावा लागतो; प्रसंगी झुंजावे लागते. हद्द वाढली की हे श्रमही वाढतात. जिथे आणखी जमिनीपासूनचा लाभ राखणीच्या श्रमांइतकाच उरतो, तिथे हद्द थांबते. शेजारची टोळी प्रबळ असेल तर ती आधीच थांबते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट निर्णायक ठरते. येथे शेळ्या-मेंढ्या पुष्कळ आहेत. त्यामुळे नुसत्या अन्नाचा हिशेब पुरत नाही. दिवसा दडायला आणि पिल्ले वाढवायला निवांत माळ, ओढ्याची घळ, झुडपे लागतात. अशा जागा शेते, वस्त्या, रस्ते यांच्या मधून विखुरल्या आहेत. त्या सांधताना टोळीचा मुलूख पसरतो. पिल्ले लहान असताना मात्र वावर बिळाभोवती घुटमळतो.

म्हणूनच माळ मोडला की प्रश्न गंभीर होतो. सरकारदरबारी 'पडीक' ठरलेली जमीन लांडग्याच्या लेखी घर असते. ती नांगरली गेली किंवा तेथे दाट झाडे लावली, की तो मेंढवाड्याकडे अधिक वळण्याचा संभव असतो, आणि नुकसान धनगराचे होते. वन्यजीव संरक्षण कायदा (१९७२) लांडग्याला मारण्यास मनाई करतो; पण त्याचा माळ बहुतांशी अभयारण्याबाहेरच आहे.

वर्गात एक कृती करून पाहावी. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २८ सें.मी. बाजूचा चौरस काढा. हा झाला सुमारे १९६ चौ.कि.मी.चा मुलूख. त्यात रेहेकुरीएवढ्या क्षेत्राचा, म्हणजे जेमतेम ३ सें.मी. बाजूचा चौरस काढा. उरलेल्या जागेत कोणाची शेते, कोणाच्या मेंढ्या आहेत, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.